खिडकीखालचा कागद

शेवटच्या साध्या दिवशी आई आणि मुलगी पांढऱ्या रंगावरून भांडत होत्या.

"दवाखाना काढायचाय का मला?" आई म्हणाली. "मी टाके घालते ते कापडाला. माणसांना नाही."

"हा पांढरा नाहीये, आई. नीट बघ. ह्यात पिवळ्याची झाक आहे. सायीसारखा आहे."

"सायीवर बोट लागलं तरी दिसतं. मला आपला पोपटी दे."

"पोपटी रंगाच्या खोलीत तू निळं कापड निळं म्हणून बघशील आणि बाहेर नेलंस की ते भलतंच निघेल. भिंतीचा रंग कापडावर पडतो."

हे मात्र आईला पटलं. पटल्याचं तिने कबूल केलं नाही. रंगांचे नमुने मुलीच्या हातून ओढून घेतले आणि साय पुन्हा एकदा खिडकीशी धरून पाहिली. उभा जन्म तिने बाहेरच्या खोलीत, टीव्ही आणि चपलांच्या कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मशीन चालवलं होतं. गिऱ्हाइकांचे कपडे दाराच्या खिळ्यांना लटकायचे, आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी कोणाच्या तरी बाहीला तोंड घासून मगच आत यायचा. आता कुठे तिला मागची खोली मिळत होती. ती पूर्वी मुलीची होती. "माझं आता तिथे काय आहे? तू घे," असं मुलीनेच धोशा लावून म्हटलं होतं. जुना पलंगही देऊन टाकला होता. खोली रिकामी झाली होती, आणि जमिनीवर कागद पसरले होते.

त्या घरात कुठलीच वस्तू थेट येत नसे. आधी तिचा कागद यायचा. कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेतून बघायचं ही आईच्या हाडीमाशी खिळलेली सवय, तीच तिने घरालाही लावली होती. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा तिने जुनी वर्तमानपत्रं खळीने जोडली, फ्रिजच्या बुडाएवढा कागद कापला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पसरला, त्यावर वजनाला डबे ठेवले आणि सगळ्यांना बजावलं, "आजपासून इथे फ्रिज आहे. त्याच्यातून कोणी चालायचं नाही." मग न आलेल्या फ्रिजला सगळं घर वळसा घालू लागलं. घाईत कोणाचा पाय कागदावर पडलाच, तर आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "डोकं आपटलं." वडील मुद्दाम कपाळ चोळत पुढे जायचे. ज्या कागदावर सारखे पाय पडत ती वस्तू तिथे राहत नसे. कागद सरकायचा, नाहीतर बेतच बारगळायचा. मुलगी अशी वाढली. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी सामान आधी येतं आणि जागा मग शोधतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला तो आडमुठेपणा वाटला होता.

पुढे ती लोकांच्या घरांची सजावट करण्याच्या व्यवसायात पडली. ऑफिसात संगणकावर भिंती फिरवून दाखवायची सोय होती, पण ती रिकाम्या खोलीत कागदच पसरायची आणि म्हणायची, "थोडे दिवस ह्यात राहून बघा, मग बोलू." लोकांना ते भारी आवडे. कुठे शिकलात हे, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "घरी." त्यापुढे ती काही सांगत नसे.

तर त्या दिवशी मागच्या खोलीत दारालगत कपाटाचा कागद होता. मधोमध कापड बेतायच्या टेबलाचा मोठा कागद होता. तसाच दुसरा कापून सुताराकडे गेला होता, आणि कंबर वाकवावी लागू नये म्हणून टेबल किती उंच करायचं हे त्याला तोंडी सांगितलं होतं. भिंतीशी मशीनचा कागद होता, आणि बसायची बाजू कळावी म्हणून त्यावर खडूची फुली. मशीन कुठे हे मुलीने ठरवलं होतं. उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. आईने मान डोलावली होती. खिडकीखालची जागा मात्र मोकळी होती.

"तिथे काय?" मुलीने विचारलं.

"तिथलं मग बघू. इकडे ये. दाराला टेकून उभी राहा."

"मी आता वाढत नाहीये."

"पडद्याचं माप घेतेय. तुझ्याएवढा उंच करायचाय."

"मग खिडकीचं घे ना."

"खिडकी कुठे पळून जातेय? पळतेस तू."

मुलगी हसून दाराला टेकली. घरात तिला शिडी म्हणत. शाळेतच ती सगळ्यांच्या डोक्यावरून निघून गेली होती आणि तेव्हापासून माळ्यावरचं काहीही काढायचं असलं की हाक तिलाच. आईने स्टुलावर चढून टेपचं टोक तिच्या डोक्याशी धरलं, खाली उतरून टाचेपर्यंत ओढलं आणि तिथे अंगठ्याचं नख रोवून तशीच उभी राहिली. माप ती कधी लिहीत नसे.

"पडदा जमिनीला टेकू दे," मुलगी म्हणाली. "मध्येच संपलेला पडदा म्हणजे आखूड झालेली पँट."

"मला शिकव तू."

निघताना मुलगी बुटांचे बंद बांधत होती, तेव्हा आईने नेहमीचं विचारलं, "आज राहतेस?"

"आज नको. सकाळी साइटवर जायचंय." मग जरा थट्टेने, "आणि पलंग तर देऊन टाकलास. झोपू कुठे, मशीनवर?"

"बघू," आई म्हणाली. तिचं नख अजून टेपवर तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील बाहेरून भाजी घेऊन आले तेव्हा मागच्या खोलीत आई खिडकीखाली जमिनीवर आडवी झालेली त्यांना दिसली. पाठ टेकली असेल, म्हणून ते पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात गेले. दोघांचा चहा टाकला. चहा उकळल्यावर हाक मारली. दुसऱ्यांदाही मारली.

मुलगी पोचली तोवर आईला उचलून आतल्या खोलीत तिच्या स्वतःच्या पलंगावर निजवलं होतं. मुलीने जे करायचं ते केलं, जिथे सही करायची तिथे केली. मग पाणी प्यायला म्हणून उठली आणि मागच्या खोलीच्या दारात थबकली. खिडकीखाली एक नवा कागद होता. लांबट. बाकीच्यांसारखाच वर्तमानपत्राचा, नीट जोडलेला, कडा सरळ कापलेल्या. शेजारी कात्री आणि खळीची वाटी. वाटीतली खळ अजून ओली होती. कागद माणसाएवढा होता. मधोमध तो दबला होता, जसा नुकताच कोणी उठून गेल्यावर गादीचा भाग दबलेला राहतो.

माणसं येत राहिली आणि जात राहिली. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, बरेच दिवस राहिली. एकदा तीही त्या दारात उभी राहिली आणि बराच वेळ बोलली नाही. मावशीच्या बाबतीत हेच मुळात नवलाचं होतं.

"शिडे," ती शेवटी म्हणाली, "हे कशाचं गं माप?"

"माहीत नाही."

"हे सामानाचं नाहीये. ताईला चाहूल लागली होती बघ. आपली जागा आपणच आखून ठेवली आणि आपणच जाऊन निजली."

"मावशी, काहीतरी बोलू नकोस."

"मी बोलत नाहीये, कागद बोलतोय. उचला तो आधी. घरात असं ठेवू नये."

मुलीने मावशीला चहा करायला पिटाळलं. पण ते वाक्य तिच्या कानात कुसळासारखं जाऊन बसलं. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पुस्तकं वाचून वाढलेली बाई ती. भीती कशी तयार होते हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती तयार व्हायची थांबत नाही हेही आता कळत होतं. तिने कागद उचलायला हात लावला तेव्हा वडील मागून म्हणाले, "राहू दे."

"बाबा, किती दिवस ठेवणार?"

"तिने पसरलेत. ती काढेल." आणि आपण काय बोललो हे उमगून ते तिथून निघून गेले.

मावशी गेली. कागद राहिले. मुलगी दर सुट्टीला येऊ लागली, आणि दर वेळी घर तिला थोडं अधिक भरलेलं वाटू लागलं. वडील हातात कप घेऊन मागच्या खोलीत जायचे, बेतायच्या टेबलाला वळसा घालून खिडकीशी उभे राहायचे. आत येताना कपाटाच्या कागदापुढे क्षणभर थांबायचे, जणू त्याचं दार कोणी उघडून धरलंय आणि ते लागलं की मग पुढे सरकायचं. पूर्वी ते हे सगळं थट्टेने करत. आता त्यात थट्टा नव्हती. मुलीचा पाय एकदा टेबलाच्या कागदाच्या कोपऱ्यावर पडला तेव्हा दोघंही जागीच थांबली. ज्या आवाजात "डोकं आपटलं" यायला हवं होतं, त्याची दोघं वाट पाहत होती.

लांबट कागदाचा तो दबलेला भाग ती तळहाताने सपाट करायची. कागदच तो, कडेकडेने दाबत नेलं की सरळ व्हायचा. पुढच्या वेळी आली की तो पुन्हा दबलेला असे. तिने वडिलांना विचारलं, तुम्ही बसता का तिथे? ते तिच्याकडे असे बघत राहिले, की तिने पुन्हा विचारलं नाही. दमट हवेने होत असेल, ती स्वतःला म्हणाली. वर पंखा लावला की कागदाची एक कड किंचित उचलायची आणि टेकायची, उचलायची आणि टेकायची. तिने पंखा लावणं सोडलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि तिने तिचा जास्तच त्रास करून घेतला. मशीनचा कागद फिरलेला होता. तिने ठरवून दिलेल्या जागेवरच होता, पण खडूची फुली आता उलट्या बाजूला होती. तशी बसली असती तर आईच्या पाठीशी भिंत आली असती आणि उजेड उजव्या हाताला. हाताची सगळी सावली सुईवर. चाळीस वर्षं अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे फोडलेल्या बाईने, हक्काची खिडकी मिळाल्यावर, मशीन असं उफराटं का फिरवावं? उजेडाचं मुलीने दहादा समजावून सांगितलं होतं. आईने मान डोलावली होती. म्हणजे पटलंच नव्हतं? की शेवटच्या सकाळी तिचं डोकंच ठिकाणावर नव्हतं, आणि लांबट कागद हाही त्यातलाच प्रकार?

एका संध्याकाळी वडील विजार पार मांडीवर गुंडाळून पाय दाखवू लागले. मांडीच्या वरच्या भागाला, बाहेरच्या बाजूने, चांगला काळानिळा डाग होता.

"कुठे लागलं?"

"टेबलाचा कोपरा लागला."

"कुठल्या टेबलाचा?"

त्यांनी विजार खाली सोडली. घरात जेवायचं टेबल तेवढं एक होतं, आणि ते गोल होतं.

तिच्या कामावरही हे सगळं येऊन बसलं. एका नवराबायकोचं नवीन घर तिच्याकडे होतं. दोघांना हॉटेलसारखी झोपायची खोली हवी होती, आणि हॉटेलात घरासारखं वाटावं म्हणून लोक पैसे मोजतात हे तिने त्यांना मोठ्या खुबीने पटवून देत आणलं होतं. रिकाम्या खोलीत तिने पलंगाचा कागद पसरला. बायको हौसेने म्हणाली, "इथेच का आम्ही झोपणार?" आणि गंमत म्हणून कागदावर आडवी झाली.

"उठा," मुलगी म्हणाली. इतक्या जोरात, की नवरा दचकून दारातून आत आला.

तिने काहीतरी सबब सांगितली. कागद फाटतो, म्हणाली. त्यानंतर तिने कामावर कागद पसरणं बंद केलं. संगणकावरच्या भिंती फिरवून दाखवू लागली. गिऱ्हाइकं माना डोलवायची आणि पुन्हा पुन्हा बदल मागायची, कारण चालून बघितल्याशिवाय कोणालाच काही कळत नव्हतं. ऑफिसातले म्हणाले, तुझी ती खास पद्धत गेली कुठे? तिने हसून वेळ मारून नेली. पण हे असंच चाललं तर आपण हे काम करू शकणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. आणि वडील त्या घरात एकटे, न आलेल्या सामानाला आपटत फिरणार. त्या लांबट कागदावर काय यायचं होतं ते समजल्याशिवाय तो उचलणं तिला जमत नव्हतं, आणि तो उचलल्याशिवाय काहीच पुढे सरकत नव्हतं.

अशात सुताराचा फोन आला. टेबल तयार होऊन कधीचं पडलंय. आधी दुःखाचं घर म्हणून बोललो नाही, आता दुकानात हलायला जागा राहिली नाही. आणू का?

मुलीने होकार दिला आणि त्या सकाळी रजा टाकून आली. वडील मागच्या खोलीत उभे होते.

"टेबल येतंय, बाबा. कागद उचलायला हवेत."

"टेबलाचा उचल," ते म्हणाले. "टेबल येतंय तर टेबलाचा उचल. बाकीच्यांचं सामान कुठे आलंय?"

ह्यात काही चूक काढण्यासारखं नव्हतं. तिने दोन्हीकडच्या कागदांवर थोडा चढलेला टेबलाचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. त्याखालची फरशी बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होती.

सुतार म्हणजे घरचाच माणूस. आईला वहिनी म्हणायचा आणि तिच्याशी दर कामाला भांडायचा. त्याने आणि त्याच्या भावाने टेबल जिन्याच्या वळणावर तिरकं करत, एकमेकांच्या अकलेचा उद्धार करत वर आणलं. टेबल देखणं झालं होतं, कडा गोलसर घासलेल्या, खाली कापडाचे तागे ठेवायला फळी. पण मधोमध ठेवल्यावर ते बसेना. एका बाजूने कपाटाच्या कागदावर चढलं, दुसऱ्या बाजूने त्याचा पाय त्या लांबट कागदावर जाऊन उभा राहिला.

"अहो, पाय उचला त्याच्यावरून," वडील घाईने म्हणाले.

"टेबल मोठं झालंय," मुलगी म्हणाली.

"कागदाबरहुकूम केलंय, ताई. इथल्या कागदाशी ताडून बघा. सुतभर इकडचं तिकडे नाही." सुतार घाम पुसत म्हणाला. "वहिनींचा कागद असला की मी डोकं चालवत नाही. चालवलं की त्या माझ्या डोक्याची किंमत काढायच्या."

मुलीने घडी उलगडली आणि कागद टेबलावर टाकला. कडेला कड जुळली. खरंच, सुतभर इकडचं तिकडे नव्हतं. वडील टेबलाच्या कोपऱ्याशी उभे होते. कोपरा नेमका त्यांच्या मांडीच्या वरच्या भागाशी आला होता, बाहेरच्या बाजूने. त्यांनी तिथे हात ठेवला. मुलीने ते पाहिलं आणि मान वळवली.

"ती मार्जिन धरून कापायची," वडील म्हणाले.

"काय?"

"मार्जिन. चारी बाजूंनी दोन बोटं. शिवणीला सोडतात तशी. लाकडाला शिवण कुठे असते, मी म्हणायचो. ती म्हणायची, माणसाला वावरायला लागते. फ्रिजच्या कागदालाही होती. सुताराला सांगताना ती तेवढं आठवणीने सांगायची, आतून दोन बोटं कमी कर म्हणून."

"दर वेळी सांगायच्या," सुतार म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "ह्या वेळी म्हणाल्या, दोन्ही कामांचं एकदमच सांगते. खिडकीखाली अजून एक बैठक करायचीय, तिचं माप घेतलं की सांगते. मग राहिलंच."

मुलीने लांबट कागदाकडे पाहिलं.

"बैठक," मुलगी म्हणाली.

"बसायला आणि आडवं व्हायला, असं म्हणाल्या. गादी मीच शिवणार, तू नुसतं लाकूड दे."

मुलगी गुडघ्यांवर बसली. आईचा टेप कपाटाच्या कागदावर वजनाला ठेवलेल्या बटणांच्या डब्यात होता. तिने लांबट कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला, वरची दोन बोटं सोडली, खालची दोन बोटं सोडली, आणि टेपवर जिथे आकडा आला तिथे अंगठ्याचं नख रोवून तशीच बसून राहिली. आकडा तिच्या ओळखीचा होता. शाळेपासून प्रत्येक जण तोच विचारत आला होता.

"ती त्यात लहान दिसत होती," वडील म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते की नाही, कळत नव्हतं. "मी दारातून बघितलं तेव्हा पायाशी चांगली वीत-दीड वीत जागा उरली होती. मला वाटलं, हिने हे एवढं मोठं कोणासाठी कापलं?"

सुतार खाकरला. "ताई, ती करायची की राहू दे?"

"करा."

"मार्जिन वजा करून ना? आता तरी नीट सांगा."

"टेबलातून दोन बोटं काढा," ती म्हणाली. "बैठक आहे त्या कागदाएवढीच करा. ती मार्जिन कापायची नाही."

सुताराने बरं म्हटलं. टेबल पुन्हा खाली न्यायचं होतं, म्हणून भाऊ भावाच्या नावाने बोटं मोडू लागला. वडील मागोमाग निघाले. जिन्यात कुठे वळायचं हे त्यांना सांगितल्याशिवाय राहवणार नव्हतं. "डावीकडून, डावीकडून घ्या," असं ते म्हणत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा भांडखोर वाटत होता.

खोलीत ती आणि कागद उरले. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. तिने तो दबलेला भाग पाहिला. आज तो सपाट करायला हात पुढे झाला नाही. सुताराच्या घाईत पायातच राहिलेले बूट तिने काढले, दाराशी ठेवले, आणि आईने शिकवलं होतं तसं, कपाटाला वळसा घालून, काठाकाठाने खिडकीशी आली. मग जपून त्या कागदावर आडवी झाली. तो खाली कुरकुरला आणि गप्प झाला.

डोक्याशी थोडी जागा उरली होती. पायाशीही उरली होती. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं. ती नेहमीसारखी कुशीवर वळली आणि तिला समोर मशीनचा कागद दिसला. खडूची फुली तिच्याकडे तोंड करून होती. तिथे बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला उजेड आला असता, सगळी सावली सुईवर पडली असती, टाका घालताना डोळे ताणावे लागले असते. आणि मान नुसती वर केली, तर नजर नेमकी इथे, ह्या बैठकीवर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आली असती. ती कितीतरी वेळ त्या फुलीकडे बघत राहिली. इतकं साधं, इतकं चुकीचं बेतलेलं काम तिने आपल्या अख्ख्या धंद्यात पाहिलं नव्हतं.

खाली जिन्यात आवाज विरत गेले. पंखा बंद होता. तिच्या पायाशी कागदाची कड हळूच उचलली आणि टेकली. तिने पाय आखडून घेतले नाहीत. तिला भीती वाटत होती, पण ती भीती आता अनोळखी राहिली नव्हती. घरातलं माणूस उशाशी येऊन उभं राहिल्यावर झोपेतही कळतं, तसं काहीसं ते होतं. ते माणूस आता काय विचारणार हेही ठाऊक होतं. बूट घालताना, दारात, प्रत्येक वेळी तेच विचारलं होतं. आणि उत्तरही प्रत्येक वेळी तेच गेलं होतं, उद्या लवकर उठायचंय, साइटवर जायचंय, पुढच्या वेळी नक्की. दुसरं उत्तर तिने कधी उच्चारून पाहिलंच नव्हतं.

कागद पुन्हा टेकला. मशीनच्या बाजूला, फुलीशी, कोणीतरी थांबल्यासारखं शांत झालं.

"राहते," ती मोठ्याने म्हणाली. "आई, आज राहते मी."